खाणीच्या तळ्याचे गणित

खाण चालू असते तोवर पंप चालू असतात. खाण बंद झाली की पंप थांबतात, भूजल झिरपत वर येते आणि खड्ड्याचे तळे होते. ते किती वर्षांत भरेल, कोणत्या पातळीला थांबेल, त्यात मासा जगेल की नाही, हे आज संगणकावर आधी मांडून पाहता येते. मात्र या गणिताचे मूळ गाव खाण नव्हे, धरण आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात कॉली नदीवर वेलिंग्टन धरण आहे. पाणलोटातले जंगल तोडून शेती झाली, तसे भूजल वर आले आणि मातीतले मीठ नदीत उतरू लागले. हिवाळी पावसाचे खारे, जड पाणी जलाशयात शिरले की तळाशी सरकायचे. कोणत्या खोलीचे पाणी केव्हा सोडावे हे कळावे म्हणून यॉर्ग इम्बर्गर आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात ‘डायरेस्म’ हे मॉडेल रचले. त्याची रचना फार देखणी आहे. जलाशयाचे एकावर एक आडवे थर कल्पायचे. प्रत्येक थराचे तापमान आणि क्षारता धरून घनता काढायची. उन्हाने वरचा थर हलका होतो. रात्री गार होऊन जड झाला की खालच्यात उतरतो. वारा पुरेसा जोरकस असेल तर दोन थरांचा एक होतो. येणारी नदी आपल्या घनतेचा थर शोधून तिथे पसरते.

याच गणितातली भूजलाची शाखा वेगळी: अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे १९८४चे ‘मॉडफ्लो’ हे मॉडेल. रसायनाची शाखाही त्याच संस्थेची. तिचे ‘फ्रीक-सी’ १९९५चे. खडकातल्या पायराइटला हवा-पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते, त्यात धातू विरघळतात. तो हिशेब इथे होतो.

हे सारे खाणीसाठी का जुळवावे लागले, ते मोंटानातल्या ब्यूट गावाने दाखवले. १९८२मध्ये तिथल्या खाणीचे पंप थांबले, बर्कली पिट हा खाणीचा खड्डा आम्ल पाण्याने भरू लागला आणि १९९५मध्ये त्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेले.

कॉलीच्याच परिसरात दगडी कोळशाच्या खड्ड्याचे केपवारी सरोवर झाले. त्याच्या अभ्यासात डायरेस्मच्या कुळातले मॉडेल वापरले गेले. खड्डा लवकर भरावा आणि आम्लता आटोक्यात राहावी म्हणून नदीचे पाणी आत सोडले होते. भरल्यावर मात्र नदी बाहेरूनच वाहावी असा बेत होता. नदी तोडली तशी आम्लता पुन्हा वाढली. २०११च्या पुरात नदीने काठ फोडला, ती सरोवरातून वाहू लागली आणि पाणी सुधारले. मग बेतच बदलला. २०२०मध्ये सरोवर लोकांसाठी खुले झाले. म्हणून मॉडेल एकदा चालवून फायलीत ठेवण्याची वस्तू नव्हे. दरवर्षी मोजलेल्या आकड्यांनी ते तपासत राहावे लागते.

गोव्यात २०१२मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि पावसाळ्यांनी खड्डे भरले. तिथला खडक वेगळा. चिंता आम्लापेक्षा गाळाची, खचणाऱ्या काठांची आणि गावच्या विहिरींची अधिक. खाणबंदीचा आराखडा गावापुढे आला की ग्रामसभेने आधी एवढे मागावे: या खड्ड्यातल्या पाण्याचे मॉडेल आणि ते ज्यावर उभे आहे ती मोजमापे.