शीड, भरती आणि खलाशाचे नाव

वाशीच्या खाडीपुलावरून मुंबईला जाताना खाली पाण्याकडे पाहण्याची सवय आता फार थोड्यांना राहिली आहे. पहिला पूल 1973 साली खुला झाला. त्यापूर्वी कितीतरी पिढ्या पनवेल, बेलापूर, उरण या बंदरांतून भात, मीठ, गवत आणि जळाऊ लाकूड शिडाच्या होड्यांनीच मुंबईला जात असे. नवी मुंबईचा इतिहास सिडकोपासून, म्हणजे 1970 पासून सुरू होतो असे मानणाऱ्यांनी या पाण्याचीही आठवण ठेवावी. आज आम्हांस बोलायचे आहे ते त्या होड्यांवर राबलेल्या माणसांविषयी.

या होड्यांचे शीड तिकोनी, तिरकस काठीला बांधलेले असे. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटला आणि ओहोटीची जोड मिळाली की पडाव मुंबईकडे निघे; दुपारचा खारा वारा आणि भरती त्याला परत आणी. उधाणाच्या दिवसांत येथे पाणी 4 ते 5 मीटर चढते-उतरते. वेळ चुकली की होडी चिखलात रुते. वारा एकीकडून आणि पाण्याची ओढ उलटीकडून असली की लाटा आखूड व उभ्या होतात, आणि काठोकाठ भरलेल्या होडीत पाणी शिरते.

सर्वांत जोखमीचे काम वळण्याचे. वाऱ्याला पाठ देऊन होडी फिरवायची आणि त्याच वेळी शीड काठीसकट डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या अंगाला न्यायचे. थोडा उशीर झाला, वारा शिडाच्या उलट्या अंगाने भरला, तर होडी कलंडते नाही तर डोलकाठी मोडते. म्हणून वाऱ्याचा रंग पालटताच शीड उतरवायचे आणि शिडाचा दोर पक्क्या गाठीने बांधून न ठेवता हातात धरायचा, की झोत येताच तो सोडता यावा. हे ज्ञान पोरसवदा खलाशी कोणत्याही पुस्तकावाचून शिकत असे. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात लोटायच्या, हा तर सणाच्या रूपाने पाळलेला सुरक्षेचा कायदाच होय.

1679 साली खांदेरीच्या झुंजीत शिवाजी महाराजांच्या लहान, उथळ तळाच्या होड्या जेथे शिरत, तेथे इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना पाठलाग करता येईना. त्या प्रसंगातील मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावे इतिहासाने राखली. शिडाचा दोर धरणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

नाव लिहिले जाणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कित्येक वर्षांपूर्वी एका रेतीच्या होडीवरचा खलाशी बुडाला. आम्ही त्याच्या विधवेला घेऊन मालकाकडे गेलो. मालक शांतपणे म्हणाला, "हा माणूस माझ्याकडे कामाला होताच कोठे? दाखवा कागद." कागद नव्हता. होडी जास्त भरली आहे असे तांडेल निघतानाच म्हणाला होता. तेही कोणी लिहिले नव्हते. बाई उंबऱ्याशी उभी होती. ती एवढेच म्हणाली, "मग रोज पहाटे ते जात होते कुठं?" त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मालक थांबला नाही.

विलायतेतही हेच घडत होते. जादा भरलेल्या जहाजांतून खलाशी बुडत, म्हणून सॅम्युएल प्लिमसॉल या पार्लमेंट सदस्याने वर्षानुवर्षे झगडा केला आणि 1876 साली जहाजावर भारखूण काढणे सक्तीचे झाले. पण ती खूण किती उंचीवर काढायची हे मालकावरच सोडले होते! ते कायद्याने ठरण्यास 1890 साल उजाडावे लागले. आपल्याकडे 1958 च्या नौवहन कायद्याने शिडाच्या जहाजांसाठी भारखूण, तपासणी आणि खलाशांची यादी यांची तरतूद केली. कायदा झाला, परंतु खाडीच्या काठावर तो वाचून दाखवणारा माणूस कितीदा होता, हे वरच्या प्रसंगावरून ध्यानात यावे.

होडी जाऊन यंत्र आले म्हणून प्रश्न मिटला नाही. 17 जुलै 1947 रोजी, ऐन आषाढात, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट उलटून 600 हून अधिक माणसे गेली; वाचलेल्यांपैकी अनेकांना मच्छीमारांच्या होड्यांनी उचलले. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जणांचे प्राण गेले.

म्हणून आमची मागणी जुनीच आहे. बोट सुटण्यापूर्वी तिच्यावरच्या प्रत्येक माणसाचे नाव काठावर लिहिलेले असावे, आणि तांडेल "आज नको" म्हणाला तर त्याची मजुरी कापली जाऊ नये. दोर वेळेवर सोडण्याची विद्या खलाशापाशी होतीच. नाही म्हणण्याचा हक्क मात्र आपण त्याला अजून द्यायचा आहे.