संगीतातील डॉक्टरेट : अमेरिकेत पूर्वीच्या श्रेयांकांचे हस्तांतरण

अमेरिकेतील विद्यापीठात संगीत विषयाच्या डॉक्टरेटसाठी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास आधीच्या पदव्युत्तर अभ्यासाचे श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, मान्य करून घेता येतात. सुमारे एका वर्षाचा अभ्यास आणि त्याचे शुल्क या मान्यतेवर अवलंबून असू शकते. मात्र ती आपोआप मिळत नाही. निर्णय संबंधित विद्यापीठाचाच असतो.

पदव्यांचे स्वरूप

गायन, वादन व वाद्यवृंद-संचालनासाठी प्रामुख्याने ‘डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स’ ही पदवी दिली जाते. संगीताचा इतिहास, सिद्धांत आणि लोकसमूहांच्या संगीताचा अभ्यास यांसाठी पीएच.डी. असते. कर्नाटक संगीतातील बासरीवादक टी. विश्वनाथन यांनी १९७५ मध्ये वेस्लियन विद्यापीठातून पीएच.डी. संपादन केली होती.

मान्यतेचे दोन मार्ग

पहिल्या मार्गात संपूर्ण पदव्युत्तर पदवी एकत्रितपणे ग्राह्य धरली जाते. अनेक विद्यापीठांत बी.ए. समकक्ष पदवीनंतर ९० श्रेयांक अपेक्षित असतात आणि त्यांपैकी ३० पर्यंत श्रेयांक एम.ए. समकक्ष पदवीपोटी वळते होतात. दुसऱ्या मार्गात कोणत्याही पदवीसाठी न वापरलेले सुटे अभ्यासक्रम एकेक करून तपासले जातात. त्यांत साधारणतः किमान ‘बी’ श्रेणी आवश्यक असते आणि अभ्यासक्रम ठरावीक वर्षांपेक्षा जुना चालत नाही.

मैफलीचे सादरीकरण, वैयक्तिक तालीम आणि प्रबंध यांचे श्रेयांक सहसा नव्यानेच मिळवावे लागतात. त्रैमासिक पद्धतीचे ३० श्रेयांक सहामाही पद्धतीत २० धरले जातात. हस्तांतरित अभ्यासक्रमांचे श्रेयांक जमा झाले, तरी त्यांचे गुण बहुधा नव्या सरासरीत मिळवले जात नाहीत.

प्रवेशोत्तर चाचणी

संगीत सिद्धांत व इतिहास या विषयांची चाचणी अनेक ठिकाणी घेतली जाते. तीत उणीव आढळल्यास पूरक अभ्यासक्रम करावे लागतात आणि त्यांचे श्रेयांक पदवीसाठी बहुधा मोजले जात नाहीत. त्यामुळे हस्तांतरणाने वाचलेला वेळ येथे खर्ची पडू शकतो.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी

गुणपत्रिकांसोबत प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम आणि अध्यापनाचे तास जोडणे हितावह ठरते. काही विद्यापीठे स्वतंत्र मूल्यमापन संस्थेचा अहवालही मागतात. गुरूकडे घेतलेल्या तालमीला श्रेयांक नसतात. तिचा कस प्रवेशाच्या वेळच्या सादरीकरणात लागतो. भारतात २०२१ मध्ये सुरू झालेली श्रेयांक पेढी परदेशी विद्यापीठांवर बंधनकारक नाही.

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्यांनी प्रत्येक सत्रात पूर्णवेळ नोंदणी राखणे आवश्यक असल्याने, श्रेयांक वळते केल्यानंतर पुरेसे अभ्यासक्रम उरतात का, हेही तपासावे लागते. शिष्यवृत्तीच्या मुदतीवर होणारा परिणामही विचारून घ्यावा. किती श्रेयांक मान्य होतील याचे लेखी उत्तर प्रवेश निश्चित करण्यापूर्वी मिळवणे श्रेयस्कर ठरते.