भाताविना कालवण

मसालेदार रसभाज्यांस आपल्या भाषेंत जीं नांवें आहेत, त्यांचा अर्थ आपण क्वचितच मनांत आणतों. देशावरील खेडेगांवांत अशा पदार्थास 'कोरड्यास' म्हणतात. म्हणजे कोरड्या भाकरीस जें लावावयाचें तें. दुसरा शब्द 'कालवण'. म्हणजे अन्नांत जें कालवावयाचें तें. आणि सर्वत्र रूढ असलेला तिसरा शब्द 'तोंडीलावणें'. म्हणजे घांसाबरोबर नुसतें तोंडास लावावयाचें, पोट भरण्यासाठीं खावयाचें नव्हे. हे तिन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात. जेवण म्हणजे धान्य. बाकीचें सर्व त्या धान्याचें सोबती.

ही समजूत केवळ मराठीपुरती नाहीं. संस्कृतांत अशा पदार्थांस 'व्यंजन' म्हटलें आहे. अन्न आणि व्यंजन यांचा समास कसा व्हावा, याविषयीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्रच केलें असून 'दध्योदन' हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण आहे. तोच 'व्यंजन' शब्द वैयाकरणांनीं स्वराच्या आधारावांचून उच्चारतां न येणाऱ्या वर्णांसही लावला, हा योग मोठा बोलका आहे. पुढें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोव्यास राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन यानें तेथील लोकांच्या जेवणाचें वर्णन करतांना लिहिलें कीं, ते मासे रश्श्यांत शिजवून तो रस्सा भातावर घालतात. तो किंचित् आंबट पण रुचकर असतो, व त्यास 'कारिल' म्हणतात. ज्या शब्दापासून आजची जगप्रसिद्ध 'करी' निघाली, त्याची ओळख युरोपास झाली ती अशी भाताच्या जोडीनेंच.

आतां प्रश्न असा कीं, ज्याच्या पानांतून भात आणि भाकरीच उठली, त्यानें या कालवणाचें काय करावें? हा प्रश्न आज केवळ कल्पनेचा राहिलेला नाहीं. इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत मधुमेहानें पीडलेल्या प्रौढांची संख्या सुमारें १० कोटी १० लक्ष आहे. त्याच पाहणीच्या आधारें इ. स. २०२५ मध्यें जो आहारविषयक अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांत भारतीयांच्या आहारांतील एकंदर उष्मांकांपैकीं सुमारें ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात असें दाखविलें आहे. म्हणजे 'तोंडीलावणें' हा शब्द आजही अक्षरशः खरा आहे. सुशिक्षित घरांपैकीं असें घर विरळा, कीं ज्यांत कोणातरी वडीलधाऱ्या माणसाचें पान या रोगामुळें वेगळें वाढलें जात नाहीं. आणि पान वेगळें झालें म्हणजे माणूसही हळूहळू पंक्तींतून वेगळा पडतो.

या रोगाचा व आहाराचा संबंध आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हता असें नाहीं. चरकानें प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, आणि त्याच्या कारणांत बैठें सुख, निद्रेचें सुख, दहीं, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना केली. पथ्य म्हणून त्यानें यवाचे पदार्थ, मुगाचें यूष, कडू भाज्या आणि जांगल पशुपक्ष्यांचें मांस यांची योजना केली. सुश्रुताचा उपाय तर याहून कडक. निर्धन व निराधार रोग्यानें पायांत जोडा व डोक्यावर छत्र न घेतां, भिक्षा मागत, एका गांवीं एकच रात्र राहून, शंभर योजनें किंवा त्याहूनही अधिक चालावें. धनवंतानें सांवे व रानटी तांदूळ यांवर राहून रानांत हरणांच्या संगतीं वास करावा. दुसऱ्यानें शेत नांगरावें किंवा विहीर खणावी, असें तो सांगतो. त्यांतील तपशील आज कोणी पाळणार नाहीं. तथापि रोगाचें मूळ सुग्रास व निरुद्योगी जीवनांत आहे, आणि श्रीमंताचें व गरिबाचें पथ्य एकच असूं शकत नाहीं, या दोन गोष्टी त्यानें ओळखल्या होत्या, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

युरोपांत हाच मार्ग निराळ्या दिशेनें आखला गेला. इ. स. १७७६ मध्यें मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्यानें रोग्याच्या मूत्रांतील गोडी ही साखरेचीच आहे असें सिद्ध केलें. इ. स. १७९७ मध्यें जॉन रोलो या लष्करी वैद्यानें कॅप्टन मेरेडिथ नांवाच्या अधिकाऱ्यावर केलेल्या उपचाराची हकीकत छापली. त्यानें धान्य व भाज्या बंद करून दूध, चुन्याची निवळी, रक्त घालून केलेले पदार्थ आणि जुनें मांस व चरबी एवढ्यांवरच त्यास ठेविलें होतें. मूत्रांतील साखर त्यामुळें हटली; परंतु असें अन्न किती दिवस गळ्याखालीं उतरणार? पुढें इ. स. १८७०-७१ च्या वेढ्यांत पॅरिस शहरांत अन्नाचा दुष्काळ पडला असतां आपल्या मधुमेही रोग्यांची प्रकृति सुधारली, असें बूशार्दा या वैद्याच्या नजरेस आलें. त्यापूर्वींच, इ. स. १८६३ मध्यें, विल्यम बँटिंग नांवाच्या लंडनच्या एका गृहस्थानें पाव, साखर व बटाटे सोडून आपण कसे कृश झालों, याचें एक छोटें पुस्तक लिहिलें. तें इतकें खपलें कीं त्याच्या नांवाचें इंग्रजींत क्रियापद बनलें. इकडे इ. स. १९०७ मध्यें ब्रिटिश वैद्यक पत्रांत उष्ण देशांतील मधुमेहावर जी चर्चा छापली गेली, तींत बंगालच्या सुखवस्तु, बैठे काम करणाऱ्या वर्गांतील या रोगाच्या प्राबल्याचा विचार विशेषेंकरून झाला.

शेवटीं अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन यानें उपवासाचाच मार्ग धरला. त्याचे रोगी कांहीं महिने, कांहीं वर्षें अधिक जगले, पण अस्थिपंजर होऊन. इ. स. १९२१ मध्यें टोरंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलीन शोधून काढलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोचण्यांत आलें, तेव्हां त्या उपासमारीचा अंत झाला. त्यानंतर पथ्य क्रमाक्रमानें सैल होत गेलें. मात्र चक्र पुन्हां फिरलें आहे. इ. स. २०१९ मध्यें अमेरिकेंतील मधुमेह संस्थेनें आपल्या आहारविषयक अहवालांत पिष्ट कमी असलेल्या आहारास इतर मार्गांबरोबर एक मान्य मार्ग म्हणून स्थान दिलें.

या सर्व इतिहासांत एक उणीव ठळकपणें दिसते. रोलोपासून ॲलनपर्यंत सर्वांनीं रोग्याच्या ताटांतून काय काढावें याचा विचार केला; ताटांत जें उरलें त्यास चव कोठून आणावी याचा विचार फारसा कोणी केला नाहीं. पथ्य मोडतें तें बहुधा येथेंच. आणि या बाबतींत आपल्या पाकशास्त्रापाशीं जी सामग्री आहे, ती थोड्याच देशांपाशीं असेल. कारण मसाल्यांत पिष्ट नांवालाच असतें. जिरें, धने, मिरें, हिंग, लवंग यांचें प्रमाण पदार्थांत चिमूटभर. गुण मात्र सबंध पातेल्यास व्यापणारा.

येथें कोणी म्हणेल कीं, तिखट तें भाताशिवाय खातांच येत नाहीं, ही तर आपली अनादि परंपरा. परंतु तिखटाची परंपरा वाटते तितकी जुनी नाहीं. मिरची ही अमेरिकेंतली. कोलंबसाच्या सफरीनंतर ती युरोपास कळली, आणि इ. स. १५१० मध्यें गोवें घेणाऱ्या पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ती आपल्याकडे आली. तिला आपण नांव दिलें तें जुन्या मिऱ्यांवरूनच. त्यापूर्वींचें आपलें पाकशास्त्र पहावयाचें असेल, तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथाकडे वळावें. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील हा ग्रंथ. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत शुलावर भाजलेल्या मांसाचे प्रकार आहेत, मिरें, हिंग व आलें यांचा सढळ उपयोग आहे, आणि 'इड्डरिका' नांवाचा पदार्थ आहे, तो तर उडदाच्याच पिठाचा. तांदुळाचा त्यांत उल्लेख नाहीं. म्हणजे इडलींत तांदूळ हा मागाहून आलेला पाहुणा ठरतो.

गोव्याचें विंदालू हें याहूनही चांगलें उदाहरण आहे. पोर्तुगीजांचा मद्य व लसूण यांत मुरविलेल्या मांसाचा पदार्थ गोव्यांत आला. तेथें मद्याची जागा माडाच्या शिरक्यानें घेतली, आणि त्यांत मिरची व मसाला मिसळला. मूळ पदार्थांत पीठ नाहीं, बटाटा नाहीं. नांवाच्या शेवटीं 'आलू' ऐकूं येतें म्हणून परदेशांतील खाणावळींत त्यांत बटाटे शिरले, एवढेंच. तीच गत इंग्लंडांतील करीची. तेथील गृहिणींच्या पुस्तकांतून करीचा रस्सा दाट करण्यासाठीं मैदा घालण्याची चाल पडली, व ती पुढें जपानपर्यंत पोंचली. आपल्याकडे दाटपणा येतो तो खोबरें, तीळ, खसखस, शेंगदाण्याचें कूट आणि भाजलेला कांदा यांच्या वाटणानें; आणि हे पदार्थ बेतानें वापरल्यास पथ्याच्या फारसे आड येत नाहींत.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भातासाठीं केलेलें कालवण भात काढून तसेंच खाल्लें, तर तें चालणार नाहीं. त्यांतील मीठ व तिखट हें अळणी धान्याच्या चार घांसांस पुरावें या हिशेबानें घातलेलें असतें. धान्य गेलें कीं तेंच प्रमाण जिभेस व प्रकृतीस अति होतें. म्हणून मीठ प्रथम कमी करावें, मिरची उतरवावी, आणि तिच्या जागीं मिरें, सुंठ व आंबटपणा यांस वाव द्यावा. मिरचीचा दाह पाण्यानें शमत नाहीं, स्निग्ध पदार्थानें शमतो. सबब जें काम भात करीत असे, तें नारळाच्या दुधाकडे किंवा गोड न केलेल्या दह्याकडे सोंपवावें. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्यांत हेंच तत्त्व आहे, आणि तो वाटीवाटीनें नुसता पिण्याची रीत तिकडे आहे. म्हणजे स्वतःच्या पायांवर उभें राहणारें कालवण आपल्याकडे पूर्वींपासून आहेच. मांस, मासे, अंडीं, पनीर, वांगीं, भेंडी, दोडकीं, मेथी आणि फुलकोबी हे त्याचे आधार. यांपैकीं फुलकोबी तर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं इंग्रजांबरोबर आलेली. तिचा कीस वाफवून त्यावर रस्सा घेतला, तर भाताची आठवण अगदींच बुजत नसली तरी सुसह्य होते.

एका लोकप्रिय समजुतीचें निरसनही येथेंच करणें अवश्य आहे. 'भात सोडला, आतां भाकरीच खातों' असें समाधानानें सांगणारे पुष्कळ भेटतात. शंभर ग्रॅम तांदुळांत सुमारें ७८ ग्रॅम पिष्ट असतें. ज्वारींत तें सत्तरच्या आसपास आणि बाजरींत साठाच्या वर आहे. भरड धान्यांत कोंडा अधिक, म्हणून साखर रक्तांत सावकाश उतरते, हा लाभ खराच. पण भाकरी म्हणजे पिष्टाचा त्याग नव्हे. पिठल्याचेंही तसेंच; बेसनांत निम्म्याहून अधिक भाग पिष्टाचाच. उलट जे इन्शुलीन टोचून घेतात किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीं धान्य एकाएकीं सोडल्यास रक्तांतील साखर धोक्याच्या खालीं जाऊं शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांस मांस-डाळींची वाढही बाधते. हे बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच करावे.

आणखी एक विचार सुश्रुताच्या त्या दुहेरी उपदेशावरून सुचतो. धान्य हें आपल्या देशांत सर्वांत स्वस्त अन्न आहे. म्हणूनच झणझणीत कोरड्याशाच्या थोड्याशा आधारावर पोटभर भाकरी खाण्याची रीत पडली. मांस, अंडीं, पनीर यांवर पोट भरणें ही ज्यास परवडेल त्याचीच गोष्ट आहे. ज्यास तें परवडत नाहीं, त्यास 'भाकरी सोडा' असें सांगणें म्हणजे उपाशी राहा म्हणणें होय. त्याच्यासाठीं अर्धी भाकरी कमी, पालेभाजी दुप्पट आणि मुगाचें यूष, हाच चरकाच्या जवळचा व शक्य कोटींतला मार्ग आहे.

परंतु ज्या मध्यम वर्गाच्या घरांत हा विकल्प शक्य आहे, तेथें रोग्यासाठीं वेगळें, बेचव पातेलें चढविण्याचें कारण नाहीं. सर्वांसाठीं एकच कालवण करावें. त्यांत मीठ-मिरची बेताची, पीठ मुळींच नाहीं, भाजी व मांस सढळ. ज्यास भात चालतो त्यानें तें भातावर घ्यावें, ज्यास चालत नाहीं त्यानें वाटी भरून घ्यावें. असें झालें म्हणजे वडिलांचें पान पुन्हां पंक्तींत येईल. आणि कांहीं वर्षांनीं ज्यांच्यावर हाच प्रसंग यावयाचा, त्या मुलांच्या जिभेसही त्याची संवय आधींच लागलेली असेल.