अनामत आणि स्मरणपत्र

नवी मुंबईच्या भूमीवर सेक्टरांच्या रेषा उमटण्याच्या, किंबहुना १९७० साली सिडकोची स्थापना होण्याच्याही कितीतरी आधी, वाशी-बेलापूरची गावे ज्या ठाणे जिल्ह्यात मोडत, त्याच्या मुख्य शहरी १८९३ च्या १ जूनला विनायक लक्ष्मण भावे व विष्णु भास्कर पटवर्धन यांच्या उद्योगाने मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. ग्रंथ परत न येण्याची चिंता त्याहून पुरातन. तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून रक्षणाची विनवणी लेखनिक पोथीच्याच मुखी घालीत. सार्वजनिक ग्रंथालयांनी मात्र, मूर्ख कोण हे आगाऊ ठरविता येत नसल्यामुळे, सरसकट सर्वांकडूनच अनामत घेण्याची तजवीज केली, आणि मुदत टळली की विलंबशुल्क, मग स्मरणपत्र, अखेरीस किमतीची वसुली असा शिरस्ता पडला.

मद्रासने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयकर बसविला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने तो टाळून वर्गवार अनुदान पत्करले, त्यामुळे वर्गणी व अनामत यांवरील संस्थांची भिस्त कायम राहिली. नवी मुंबईसारख्या भाड्याच्या सदनिकांच्या नगरात तर सभासद बिऱ्हाड हलवितो, स्मरणपत्र जुन्याच दारावर जाते, आणि शेवटी हिशेबात उरते ती अनामत. नव्या कादंबरीची भरपाई तीतून कदाचित होईलही. परंतु ज्याची आवृत्ती संपून पिढी लोटली, अशा ग्रंथाची छापील किंमत वसूल करणे हा माझ्या मते निव्वळ दप्तरी समाधानाचा प्रकार होय.