पगारासाठीं कर्ज

धंदा बसला म्हणजे लहान मालकापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो मालाचा नव्हे, माणसांचा. माल फडताळांत पडून राहतो. आचाऱ्याला किंवा कारागिराला तसें ठेवतां येत नाहीं. पहिली तारीख आली कीं त्याच्या दारीं घरभाडें व वाण्याची उधारी उभी असते. आणि एकदां सुटलेला जाणता माणूस परत मिळेलच, याचा मालकाला भरंवसा नसतो. करोनाच्या साथीनें २०२० सालीं जगभर दुकानें बंद पडलीं, तेव्हां अमेरिकन सरकारनें या अडचणीवर जो उपाय योजला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

२७ मार्च २०२० च्या कायद्यानें या कामासाठीं ३४९ अब्ज डॉलर बाजूला काढले. महिन्याच्या सरासरी पगारखर्चाच्या अडीचपट रक्कम बँकेनें मालकास तारणाशिवाय, शेंकडा १ व्याजानें द्यावयाची. खरी खुबी परतफेडींत होती. पैसे हातीं आल्यापासून आठ आठवड्यांत ते पगार, भाडें, वीज यांत खर्च केले, तर तेवढें कर्ज माफ. मात्र माफीच्या रकमेंत पगाराचा वांटा निदान शेंकडा ७५ हवा, आणि माणसें कमी केलीं तर माफीही त्या मानानें कमी. नांव कर्जाचें, काम अनुदानाचें.

३ एप्रिलला अर्ज घेणें सुरू झालें आणि १६ एप्रिलला पेटी रिकामी झाली. बँकांनीं ओळखीच्या खातेदारांस पुढें घेतलें, आणि कित्येक लहान दुकानदार दारांतच राहिले. लोकांनीं ओरड केल्यावर उपाहारगृहांच्या कांहीं बड्या मंडळ्यांनीं उचललेले पैसे परत केले. २४ एप्रिलला आणखी ३१० अब्ज मंजूर झाले.

पण पैसे मिळाले त्यांचीही सुटका नव्हती. उपाहारगृह सरकारी हुकमानें बंद, आणि आठ आठवड्यांचें घड्याळ तर चालू झालेलें. थंड चुलीपुढें आचाऱ्यास बोलावून करावयाचें काय? शिवाय जुलैअखेरपर्यंत बेकारांना नेहमींच्या भत्त्यावर आठवड्यास ६०० डॉलर जादा मिळत होते. पुष्कळांना पगारापेक्षां घरीं बसून अधिक मिळे. मालकानें बोलावलें तर नोकराचें नुकसान, न बोलावलें तर मालकाचें. लेखी बोलावणें नोकरानें नाकारल्यास मालकाची माफी कापणार नाहीं, असा खुलासा मे महिन्यांत निघाला; परंतु नाकारणाराचा भत्ता जाण्याचा संभव होता. वर्षानुवर्षें एका स्वयंपाकघरांत राबलेल्या दोघांमध्यें असा कागद आला! ५ जूनच्या दुरुस्तीनें मुदत २४ आठवडे व पगाराचा वांटा शेंकडा ६० झाला.

३१ मे २०२१ ला योजना मिटली, तोंवर सुमारें ८०० अब्ज डॉलर वांटले गेले होते. पुढें २०२२ मध्यें अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, यांतील शेंकडा २३ ते ३४ इतकाच पैसा, ज्यांची नोकरी एरवीं गेली असती अशांच्या हातीं पडला. मला यांत मालकांच्या लबाडीपेक्षां सरकारची घाई अधिक दिसते. कोणाचा धंदा खरोखर बुडतो आहे हें पाहण्याची तजवीजच नव्हती.

आपल्याकडे त्याच वेळीं काय झालें? २९ मार्चला केंद्र सरकारनें हुकूम काढला कीं, बंद काळाचा पगार मालकांनीं कपात न करितां द्यावा. हुकमासोबत पैसा नव्हता. १८ मेपासून तो उठला. त्याच महिन्यांत ३ लाख कोटी रुपयांच्या, सरकारी हमीच्या कर्जांची योजना निघाली. पण कर्ज मिळावयाचें तें बँकेच्या जुन्या देण्याच्या शेंकडा २० पर्यंत, आणि तें फेडावयाचें होतें.

माझे एक स्नेही छापखाना चालवितात. बँकेचें कर्ज कधीं काढलें नाहीं, याचा त्यांना अभिमान. त्या वर्षीं तोच आड आला: जुनें कर्ज नाहीं, म्हणून नवें नाहीं. पांच माणसांचा एप्रिलचा पगार त्यांनीं पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून दिला. मे महिन्यांत बाइंडर गांवीं निघून गेला. जूनमध्यें छापखाना उघडला, तेव्हां पावती-पुस्तकें शिवावयास ते स्वतः बसले.