धंद्यातील सावड : ‘प्रभात’च्या भागीदारांची हकीकत

आमच्या लहानपणी कोळवण खोऱ्यात ज्याच्या दावणीला एकच बैल असे, तो शेजाऱ्याशी सावड करून भातखाचरे नांगरीत असे. सावडकरी निवडताना आमचे वडील त्याचा बैल आधी पाहात, घराणे मागाहून. हे आज आठवण्याचे कारण असे की, पौड-पुण्याकडे धंदा मांडावयास निघालेली आपल्या ज्ञातीतील तरुण मंडळी भागीदार म्हणून प्रथम सोयरा शोधतात. आम्हीही तेच केले. निवृत्तीच्या पैशांतील बराच भाग आम्ही एका आप्ताबरोबर अवजारांच्या दुकानात घातला. कागद केला नाही. घरच्या माणसाशी कागद कसला करावयाचा! तीन वर्षांत दुकान गेले आणि येणेजाणेही गेले. असो.

आपल्या पुण्यानेच पाहिलेली एक भागीदारी येथे सांगण्याजोगी आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरास ‘प्रभात फिल्म कंपनी’ निघाली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. यांपैकी पहिले चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत एकत्र राबलेले होते. एकमेकांचा हात, राग आणि आळस त्यांनी वर्षानुवर्षे पाहिला होता. दिग्दर्शन शांतारामांचे, छायालेखन धायबरांचे, कला फत्तेलालांची, ध्वनी दामल्यांचा, तर पैशाची बाजू कुलकर्ण्यांची. प्रत्येकाकडे वेगळे काम वाटून दिलेले, ही मोठी सोय! दामले ब्राह्मण, फत्तेलाल मुसलमान. परंतु ‘दामले-फत्तेलाल’ हे एकच नाव असावे असे लोक म्हणत. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट निघाला, १९३३ साली कंपनी पुण्यास आली, आणि या जोडीच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

याच्या उलट दादासाहेब फाळक्यांची गोष्ट. १९१८ साली त्यांनी मुंबईच्या धनिकांशी भागी करून ‘हिंदुस्थान फिल्म कंपनी’ काढली. भागीदारांजवळ पैसा होता, पण चित्रपट कसा घडतो याची जाण नव्हती. खटके उडाले आणि फाळके सर्व सोडून काशीस जाऊन राहिले. पुढे ते परतले, हे खरे; तरी पूर्वीचा बहर पुन्हा आला नाही, असे आमचे मत आहे.

‘प्रभात’ही अभंग राहिली नाही. धायबर लवकर बाहेर पडले. १९४२ साली शांतारामांनी निघून मुंबईस ‘राजकमल’ उभारले. १९४५ साली दामले वारले. १९५३ पर्यंत कंपनी मिटली. १९६० साली त्याच आवारात सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. चांगले भागीदारही एक दिवस वेगळे होतात, आणि त्या दिवसाची तजवीज आरंभीच करावी लागते. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या कर्जास प्रत्येक भागीदार स्वतःच्या घरादारासह बांधलेला असतो, आणि पेढी नोंदलेली नसेल तर करारावरून भागीदारावर दावाही लावता येत नाही. हे आम्हांस दुकान बुडाल्यावर एका वकिलाने सांगितले.

गेल्या माघात आमच्या भाच्याने पिरंगुटास गॅरेज काढले. भागीदार परज्ञातीचा आहे. दोघांनी सहा वर्षे एकाच कारखान्यात काम केलेले. घरात थोडी कुरकुर झाली. सही करण्यापूर्वी त्याने दस्त आम्हांस वाचून दाखविला. एकाने निघून जावयाचे ठरविल्यास हिशेब कसा व्हावा, याचे कलम त्यात होते. ते आम्ही त्याच्याकडून दोनदा वाचून घेतले.