भिंतीवरून कापडावर

जव्हार-मोखाड्यापासून डहाणूपर्यंतच्या वारली घरांत लग्नसमयीं सुवासिनी कुडाच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहीत आल्या आहेत. सामग्री घरचीच : शेण, गेरू, तांदळाचें पीठ, बांबूची काडी. लग्न आटोपलें कीं चित्राचें आयुष्यहि सरे. १९७० नंतर कलावंत भास्कर कुलकर्णी यांनीं या चित्रकारांस कागद पुरविला. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) पुरुष असूनहि, लग्नाची वाट न पाहतां, नित्य चित्रें काढूं लागले. शेणानें सारवलेल्या कापडावर मासळीचीं जाळीं व शेतें उमटलीं. २०११ सालीं त्यांस पद्मश्री लाभली. चित्र टिकलें, चित्रकाराचें नांवहि टिकलें. मात्र ज्या सुवासिनींच्या बोटांनीं ही लिपि घडविली, त्यांचीं नांवें भिंतीच्या पोपड्यांबरोबरच गळून गेलीं.